विश्लेषण : माशीच्या मेंदूचा नकाशा नेमका कुणी तयार केला? मेंदू संशोधनातले हे हात संकटात का?

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाच्या मेंदूत १ लाख ३९ हजार २५५ चेतापेशी असतात. त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, याचा संपूर्ण नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये जगासमोर आला. बातम्यांमध्ये दोन-तीन प्राध्यापकांची नावे आणि ‘एआयची कमाल’ एवढेच झळकले. प्रत्यक्षात या नकाशामागे पीएच.डी.चे विद्यार्थी, पोस्टडॉक, तंत्रज्ञ, सॉफ्टवेअर अभियंते, फिलिपिन्समधून काम करणारे प्रूफरीडर आणि हौशी गेम खेळणारे असे शेकडो लोक होते. त्यानंतर वर्षभरातच अमेरिकेतील संशोधन निधीला कात्री लागली आणि त्याची पहिली झळ याच मंडळींना बसू लागली. विद्यापीठातील मेंदू संशोधनाची प्रयोगशाळा नेमकी कोण चालवते, निधी आटला की काय होते आणि भारतीय विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ काय, याविषयी...

नकाशात नेमके काय आहे?

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील माला मूर्ती आणि सबॅस्टियन सुंग यांच्या प्रयोगशाळांनी ‘फ्लायवायर’ या प्रकल्पाचे नेतृत्व केले. ब्रिटनमधील केंब्रिज आणि अमेरिकेतील व्हरमाँट येथील संशोधकांचा त्यात मोठा वाटा होता. २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात एकाच वेळी नऊ शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एका प्रौढ मादी माशीच्या मेंदूतील सर्व चेतापेशी आणि त्यांच्यातील ५ कोटींहून अधिक जोडण्या त्यात नोंदवल्या आहेत. पेशींचे ८,४०० हून अधिक प्रकार ओळखले गेले. त्यातील निम्म्याहून अधिक प्रकार विज्ञानाला आधी माहीतच नव्हते.

ही माशी म्हणजे ड्रोसोफिला. आंबा बागायतदारांना हैराण करणारी फळमाशी वेगळ्या कुळातली. ड्रोसोफिलाचा मेंदू एक मिलिमीटरहूनही लहान असतो, पण ती चालते, उडते, वास ओळखते, जोडीदारासाठी पंखांनी ‘गाणे’ म्हणते आणि अनुभवातून शिकतेही. म्हणूनच शंभरहून अधिक वर्षे ती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये तळ ठोकून आहे.

एआयने काम केले, मग माणसे कशाला लागली?

या प्रश्नाचे उत्तर नकाशा तयार करण्याच्या पद्धतीत आहे. आधी माशीचा मेंदू राळेत घट्ट बसवून त्याचे सुमारे सात हजार काप काढण्यात आले. प्रत्येक कापाची जाडी ४० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकी. प्रत्येक कापाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतली गेली. हे काम अमेरिकेतील जेनेलिया संशोधन केंद्रात डेव्ही बॉक यांच्या चमूने केले आणि २०१८ मध्ये ही प्रतिमा सर्वांसाठी खुली केली.

त्यानंतर एआयची पाळी आली. संगणकाने सगळी छायाचित्रे एकावर एक रचली. एका कापातील ठिपका पुढच्या कापात कुठे गेला, हे शोधत त्याने प्रत्येक पेशीचा त्रिमितीय आकार उभा केला. हाताने करायचे ठरवले असते तर हे काम आवाक्यातच नव्हते. मात्र एआय दोन प्रकारच्या चुका करतो. कधी तो शेजारून जाणाऱ्या दोन पेशींना एकच समजून चिकटवतो, तर कधी एकाच पेशीची बारीक फांदी मध्येच तोडतो. एखादा काप फाटलेला असेल, त्यावर डाग असेल किंवा तो किंचित सरकलेला असेल, तर अशा चुका वाढतात. मोठ्या शहराच्या नकाशात दोन वेगळे रस्ते चुकून जोडले गेले, तर मार्ग सांगणारे ॲप गाडी भलतीकडेच नेईल. इथेही तसेच. एक चुकीचा जोड राहिला, तर वासाची पेशी थेट पायाच्या स्नायूंशी बोलते, असा निष्कर्ष निघू शकतो.

या चुका शोधून दुरुस्त करणे म्हणजे प्रूफरीडिंग. वृत्तपत्रातील मुद्रितशोधक चुकलेले अक्षर शोधतो, तसे इथे चुकलेली फांदी शोधायची. या एका मेंदूच्या प्रूफरीडिंगसाठी सुमारे ३३ मनुष्यवर्षे खर्ची पडली. म्हणजे एकाच माणसाने हे काम पूर्णवेळ केले असते, तर त्याची अख्खी नोकरी त्यात सरली असती.

हे प्रूफरीडर कोण होते?

प्रिन्स्टन आणि केंब्रिजमधील पगारी कर्मचारी, फिलिपिन्समधून काम करणारे प्रशिक्षित प्रूफरीडर, जगभरातील ७० हून अधिक प्रयोगशाळांमधील संशोधक आणि विनामोबदला काम करणारे स्वयंसेवक. यातील अनेक स्वयंसेवक ‘आयवायर’ या ऑनलाइन खेळातून आले होते. सुंग यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये सुरू केलेल्या या खेळात उंदराच्या डोळ्याच्या पडद्यातील चेतापेशी रंगवत पुढे जायचे असते. त्यासाठी जीवशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी आणि आकार ओळखणारी नजर लागते. या खेळाडूंपैकी काही जण इतके तरबेज झाले, की माशीच्या मेंदूचे काम त्यांच्याकडे सोपवता आले.

फ्लायवायरमध्ये प्रत्येक दुरुस्ती कुणी आणि कधी केली, याची नोंद राहते. तयार केलेली पेशी दुसऱ्या कुणी शोधनिबंधात वापरली, तर मूळ काम करणाऱ्याला श्रेय देण्याचे नियम आहेत. स्वयंसेवकांचीही नावे प्रकल्पाच्या समूहात नोंदली गेली. विज्ञानाच्या जगात ही बाब किरकोळ नाही. तिथे पुढची नोकरी आणि पुढचा निधी, दोन्ही शोधनिबंधावर नाव आहे की नाही यावर ठरते.

अशा कामाचे श्रेय पूर्वी मिळत असे का?

क्वचितच, पण एक ठळक अपवाद आहे. मेंदूच्या जोडण्यांचा पहिला संपूर्ण नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीचा होता. त्याच्या शरीरात अवघ्या ३०२ चेतापेशी असतात. केंब्रिजमधील सिडनी ब्रेनर यांच्या गटाने हे काम वर्षानुवर्षे केले. तेव्हा एआय नव्हता. निकोल थॉमसन यांनी काप काढले आणि आयलीन साउथगेट या तंत्रज्ञ महिलेने छापील छायाचित्रांवर पेनाने खुणा करत एकेक पेशी मागे-पुढे शोधली. त्या शोधनिबंधावर जॉन व्हाइट आणि ब्रेनर यांच्यासोबत साउथगेट आणि थॉमसन यांचीही नावे लेखक म्हणून आहेत. चार लेखकांपैकी दोघांचे मुख्य काम हातांचे आणि डोळ्यांचे होते.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोण काय करते?

बाहेरून पाहिले तर प्रयोगशाळा म्हणजे तिच्या प्रमुख प्राध्यापकाचे नाव. पण या प्राध्यापकाचा बराचसा वेळ निधीचे प्रस्ताव लिहिणे, शोधनिबंध तपासणे, शिकवणे आणि माणसे नेमणे यात जातो. सूक्ष्मदर्शकापाशी तो क्वचितच दिसतो.

प्रत्यक्ष प्रयोग करतात पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पोस्टडॉक. अमेरिकेत पीएच.डी.ला साधारण पाच-सहा वर्षे लागतात. पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी. झालेला, पण कायम नोकरी न मिळालेला संशोधक. त्याची नेमणूक बहुधा वर्षा-दोन वर्षांच्या करारावर असते. फ्लायवायरच्या मुख्य शोधनिबंधाचे पहिले लेखक स्वेन डॉर्केनवाल्ड हे प्रिन्स्टनमध्ये पीएच.डी. करत असतानाच या कामात उतरले होते. माशीला साखरेची चव लागल्यावर सोंड बाहेर काढण्याचा आदेश मेंदूत कोणत्या वाटेने जातो, हे याच नकाशाच्या आधारे संगणकावर दाखवून देणारे फिलिप शिऊ हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत पोस्टडॉक होते.

त्यांच्या जोडीला प्रयोगशाळेचा व्यवस्थापक असतो. रसायने मागवणे, सुरक्षेचे नियम पाळले जातात का हे पाहणे, नव्या विद्यार्थ्याला यंत्र शिकवणे ही कामे त्याची. अभियंते कॅमेरे, लेझर आणि सॉफ्टवेअर सांभाळतात. आणि माशांची देखभाल करणारा कर्मचारी असतो. त्याचे काम सर्वांत साधे वाटते, पण ते थांबले तर सगळेच थांबते. उंदरांचे भ्रूण गोठवून ठेवता येतात. माशांच्या जनुकीय वाणांसाठी अशी सोपी, सर्रास वापरता येणारी सोय आजही नाही. त्यामुळे मक्याचे पीठ, यीस्ट आणि साखर घालून शिजवलेल्या खाद्याच्या ताज्या नळीत त्यांना ठरावीक दिवसांनी हलवावेच लागते. अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथील केंद्रात असे ७० हजारांहून अधिक वाण जिवंत ठेवले जातात. करोनाच्या टाळेबंदीत जगभरातील प्रयोगशाळा बंद होत्या, तेव्हाही माशा सांभाळणाऱ्यांना कामावर यावे लागले. एक पाळी चुकली, तर अनेक वर्षे खपून तयार केलेला वाण कायमचा नष्ट होऊ शकतो.

निधीवर संकट कसे आले?

यातील बहुतेकांचा पगार विद्यापीठाच्या तिजोरीतून येत नाही. तो सरकारी अनुदानातून येतो. अमेरिकेत जैववैद्यकीय संशोधनाचा सर्वांत मोठा सरकारी दाता म्हणजे राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजेच एनआयएच. फ्लायवायरलाही तिच्या ‘ब्रेन इनिशिएटिव्ह’मधून निधी मिळाला. बराक ओबामा यांनी २०१३ मध्ये घोषित केलेल्या या उपक्रमाला २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर मिळाले होते. २०२४ मध्ये ही रक्कम ४०.२ कोटी डॉलर आणि २०२५ मध्ये ३२.१ कोटी डॉलर झाली. म्हणजे दोन वर्षांत निम्म्याहून अधिक घट. २०१६च्या एका कायद्याने या उपक्रमासाठी दहा वर्षांची विशेष तरतूद केली होती, तिची मुदत २०२६ मध्ये संपते. ही घसरण डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अध्यक्ष होण्याआधीच सुरू झाली होती, हे लक्षात घ्यायला हवे.

ट्रम्प प्रशासनाने त्यात मोठी भर घातली. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी एनआयएचने ‘अप्रत्यक्ष खर्चा’वर सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. वीज, इमारत, प्राणीगृह, घातक कचऱ्याची विल्हेवाट आणि हिशेब तपासनीस यांचा खर्च या नावाखाली येतो. अनेक मोठ्या विद्यापीठांत हा दर ५० टक्क्यांहून अधिक होता. प्रशासनाचे म्हणणे असे, की करदात्यांचा पैसा कार्यालयीन खर्चाऐवजी थेट संशोधनावर जावा. २०२३ मधील सुमारे ३५ अब्ज डॉलरच्या अनुदानांपैकी ९ अब्ज डॉलर अप्रत्यक्ष खर्चात गेले, असा हिशेब एनआयएचने मांडला. यावर विद्यापीठांचा प्रतिवाद असा, की प्राणीगृहाची वीज बंद करून संशोधन होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने या निर्णयाला कायमची मनाई केली.

न्यायालयाचा निकाल येईपर्यंत विद्यापीठांनी हात आखडते घेतले होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन वैद्यकीय महाविद्यालयाने २०२५च्या जैववैद्यकीय पीएच.डी. प्रवेशांचे दिलेले देकार मागे घेतले.

माशीवर काम करणाऱ्यांना काय फटका बसला?

‘फ्लायबेस’ हे नाव सर्वसामान्यांच्या कानावरून गेलेले नसेल. १९९२ पासून चालणारा हा माशीच्या जनुकांचा मोफत माहितीकोश जगभरातील प्रयोगशाळा रोज वापरतात. एखाद्या जनुकावर कुणी काय काम केले, कोणता वाण कुठे मिळतो, हे त्यात वाचून-तपासून नोंदवलेले असते. त्याचा मोठा भाग हार्वर्ड विद्यापीठातून चालत असे. मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने हार्वर्डची संशोधन अनुदाने रद्द केली, त्यात फ्लायबेसचा निधीही गेला. तिथल्या कर्मचाऱ्यांना कमी करण्याची वेळ आली आणि माशीवर काम करणाऱ्या जगभरातील प्रयोगशाळांना देणगीसाठी आवाहन करावे लागले.

यातून एक बाब समोर येते. वाद सरकार आणि विद्यापीठ यांच्यात होता, पण नोकरी गेली ती नोंदी तपासणाऱ्यांची. कायम नियुक्ती असलेला प्राध्यापक निधी गेला तरी बहुधा टिकतो. करारावरचा पोस्टडॉक, तंत्रज्ञ आणि नोंदणी कर्मचारी टिकत नाहीत. वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेली त्यांची नजर आणि हातोटी त्यांच्यासोबतच निघून जाते. पुढे निधी परत आला, तरी ती माणसे परत येतीलच असे नाही.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

माशीच्या मेंदूवरील संशोधनाचा एक जुना धागा मुंबईत आहे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे ते माशीच्या चेतासंस्थेकडे वळले. त्यांच्याकडे १९७७ मध्ये पीएच.डी.साठी आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज या नैरोबीत जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील. वास आणि चव नीट न ओळखणाऱ्या माशा शोधून त्यांनी त्यामागच्या जनुकांचा माग काढला. एका विद्यार्थिनीच्या या कामाने माशीच्या घ्राणेंद्रियावरील संशोधनाला दिशा दिली. पुढे त्या टीआयएफआरच्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. आज टीआयएफआर आणि पुण्यातील आयसर येथे मेंदू संशोधनाचे गट काम करत आहेत. टीआयएफआरच्या विदिता वैद्य यांना २०२२चा जीवशास्त्रासाठीचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला, तो मेंदूतील सेरोटोनिनवरील कामासाठी.

भारतात मोठ्या प्रमाणावर मेंदूचे काप काढण्याचे कामही होते. आयआयटी मद्रासमधील सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूच्या ५,१३२ कापांचा ‘धारिणी’ हा त्रिमितीय संग्रह सर्वांसाठी खुला केला. तिथेही डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञांच्या बरोबरीने अभियंते आणि तंत्रज्ञ आहेत.

इथल्या संशोधक विद्यार्थ्यांची स्थिती कशी आहे?

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये केली. वरिष्ठ फेलोशिप ३५ हजारांवरून ४२ हजारांवर गेली. पीएच.डी. झालेल्या संशोधन सहयोगीला दरमहा किमान ५८ हजार रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. अमेरिकेत एनआयएचच्या २०२४च्या दरानुसार नव्या पोस्टडॉकला वर्षाला ६१,००८ डॉलर मिळत. राहणीमानाचा खर्च धरूनही ही तफावत मोठी आहे. म्हणूनच पीएच.डी. झाली की परदेशाची वाट धरायची, हा अनेकांचा ठरलेला मार्ग होता.

आता त्या वाटेवर दोन अडथळे आहेत. एक म्हणजे आटलेला निधी. दुसरा, सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर लावलेले एक लाख डॉलरचे शुल्क. काही पोस्टडॉक जे-१ व्हिसावर जातात, त्यांना हे शुल्क लागू नाही. पण पुढे तिथेच नोकरी धरायची म्हटले, तर विद्यापीठाला नव्या संशोधकाच्या दीड वर्षाच्या पगाराहून मोठी रक्कम केवळ शुल्कापोटी मोजावी लागू शकते.

भारतातही सारे आलबेल नाही. देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. फेलोशिप वेळेवर जमा होत नाही, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या पीएच.डी. फेलोशिपसाठी विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली आहेत. प्रकल्पावर नेमलेल्या सहायकांची नोकरी प्रकल्पाबरोबरच संपते. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानमार्फत २०२३ ते २०२८ या काळात ५० हजार कोटी रुपये उभारण्याचे उद्दिष्ट आहे. त्यातील मोठा वाटा खासगी आणि अन्य स्रोतांतून अपेक्षित आहे.

एआय ही कामे संपवेल का?

एआय सुधारत आहे, प्रूफरीडिंगचा वेळ कमी होत आहे, हे खरे. पण उद्दिष्टही मोठे होत आहे. एप्रिल २०२५ मध्ये उंदराच्या मेंदूच्या एक घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. वाळूच्या कणाएवढ्या या तुकड्यात सुमारे दोन लाख पेशी आणि ५२ कोटींहून अधिक जोडण्या आहेत. त्यासाठी २२ संस्थांमधील दीडशेहून अधिक संशोधक राबले. काप काढण्याचे काम मध्येच थांबवता येत नसल्याने चमूने दिवसरात्र पाळ्या लावल्या. उंदराच्या संपूर्ण मेंदूत सुमारे ७ कोटी आणि माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यामुळे माणसाची नजर इतक्यात हद्दपार होण्याची चिन्हे नाहीत.

पुढे काय?

अल्झायमर, पार्किन्सन किंवा नैराश्य यांवरील उपचारांचा रस्ता अशाच मूलभूत कामातून जातो. मात्र त्याला दहा-वीस वर्षे लागतात आणि पोस्टडॉकचा करार असतो दोन वर्षांचा. ही विसंगती अमेरिकेत आहे तशीच भारतातही आहे. अमेरिकेची दारे किलकिली होत असताना तिथून परतणारे किंवा तिथे जाऊ न शकणारे संशोधक भारतीय संस्थांसाठी मोठी संधी ठरू शकतात. त्यासाठी नव्या इमारती आणि महागडे सूक्ष्मदर्शक पुरेसे नाहीत. वेळेवर मिळणारी फेलोशिप, प्रकल्प संपल्यावरही टिकणारी तंत्रज्ञांची पदे आणि शोधनिबंधावर त्यांचे नाव, एवढे तरी लागेल. सूत्रकृमीच्या नकाशावर एका तंत्रज्ञ महिलेचे नाव १९८६ मध्ये लागले होते. तो अपवाद होता, तो नियम होणे अजून बाकी आहे.